हट्ट धरा, पण कर्जाच्या आधी

पत्र

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते. आठ-नऊ वर्षं झाली, कांदा-लसूण मसाला करून विकते. प्रमाण सासूबाईंचं, पुढचं सगळं मी वाढवलं. आता पुण्या-मुंबईला पार्सलं जातात, महिन्याला सरासरी १२० किलो माल होतो. गावातल्या चार बायका महिन्यातून आठ दिवस येतात, १० ते ३. त्यांना २५० रुपये रोज देते. मी स्वतः घरचं आवरून रोज सहाएक तास देते. किलोमागे कच्चा माल ३६०, कांडप ३० आणि पाकीट-लेबल २० रुपये. विकते ५६० ला, म्हणजे दीडशे सुटतात. अन्न परवाना, उद्यम नोंदणी, चालू खातं सगळं ह्यांच्या नावावर आहे. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मसाल्याचे पैसेही त्याच खात्यावर येतात. गेल्या वर्षी दुकानाच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते, ते आता भरलेत.

आता पुण्यातला एक दुकानदार महिन्याला ३०० किलो माल मागतोय, ३० टक्के कमिशनवर. कांडप यंत्र आणि पॅकिंग मशीन घ्यायचं तर सहा लाख लागतात. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." घरी म्हटलं, धंदा माझ्या नावावर करू या. हे म्हणाले, "तुझं-माझं वेगळं आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या नावावर धंदा झाला की गडी माणसाची पत जाते." घरात भांडण नको वाटतं. गप्प बसून ह्यांच्या नावावर कर्ज घ्यावं, की हट्ट धरावा?

— एक मसालेवाली

उत्तर

ताई,

हट्ट धरा, आणि आत्ताच धरा. एकदा सहा लाखांचं कर्ज आणि यंत्राचं बिल यजमानांच्या नावावर चढलं, की हप्ते फिटेपर्यंत धंदा तुमच्या नावावर करायची गोष्टही काढता येणार नाही, कारण यंत्र बँकेकडे गहाण असेल.

पण नावाच्याही आधी तुमच्या हिशोबाबद्दल बोलू. पत्र वाचताना मी तिथेच थांबले.

किलोमागे दीडशे रुपये सुटतात असं तुम्ही म्हणता. १२० किलोला १८,००० झाले. त्यातून चार बायकांचा आठ दिवसांचा रोज ८,००० गेला, राहिले १०,०००. गॅस, लाईट, टेम्पोभाडं, फुटलेली पाकिटं, फोन यांचे अगदी हात आखडून अडीच हजार धरले, तर उरतात ७,५००. आता तुमचे तास मोजा. रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५० तास. तासाला ५० रुपये. मिरचीचे देठ काढायला येणाऱ्या बाईलाही तुम्ही पाच तासांचे २५० म्हणजे तासाला ५० च देता. मिरची निवडणं, कांदा-खोबरं भाजणं, गिऱ्हाइकांचे फोन, उधारी, पार्सल बांधणं, प्रत्येक घाण्याची चव सांभाळणं, हे सगळं करून तुम्हाला सुटते ती फक्त मजुरी. नफा म्हणून हातात काहीच नाही. तुमची मजुरी हिशोबात धरलेलीच नव्हती, म्हणून इतकी वर्षं ती नफ्यासारखी दिसत राहिली.

आता पुण्याची ऑर्डर बघा. ५६० वर ३० टक्के कमिशन म्हणजे १६८ रुपये. तुमच्या हाती ३९२. माल, कांडप आणि पाकीट मिळून तुमचा खर्चच ४१० आहे. प्रत्येक किलोला १८ रुपये पदरचे घालावे लागतील. ३०० किलोला महिन्याचे ५,४०० झाले. त्यात बायकांचा रोज नाही, तुमचा नाही, आणि कर्जाचा हप्ता तर नाहीच. सहा लाखांतले स्वतःचे ६० हजार सोडून उरलेल्या रकमेचा पाच वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण १२ हजार बसतो. अशी ऑर्डर घेऊन यंत्र आणलेल्या किती तरी बायका वर्षभरात दागिने मोडून हप्ते भरताना मी पाहिल्या आहेत. आणि मग घरात सगळे म्हणतात, बाईला धंदा जमला नाही. जमत नव्हता तो भाव.

म्हणून आधी भाव ठरवा. स्वतःचं यंत्र आलं की कांडपाचे ३० रुपये वाचून वीज आणि देखभालीचे थोडे पैसे जातील. मिरची, धणे, खोबरं एकदम उचललं तर कच्चा मालही जरा स्वस्त पडेल. हे सगळं धरून, तुमची मजुरी आणि हप्ता त्यात घालून, माझ्या हिशोबानं दुकानदाराकडून किलोला ५४० च्या खाली घेणं परवडत नाही. पाकिटावर ७२० छापा, कमिशन २५ टक्क्यांवर थांबवा, बरोबर ५४० हाती येतात. थेट गिऱ्हाइकांना तुम्ही सवलतीत द्यालच, पण तिथंही ५६० ला चिकटून राहू नका. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा तिखटपणा आणि कांडून केलेल्या मसाल्याचा वास ज्यांना हवा आहे, ती माणसं घरच्या चटणीला कारखान्याच्या पुडीचा भाव लावत नाहीत. काही गिऱ्हाइकं तुटतील, तुटू द्या.

आता नावाचं.

आज कागदावर मसाल्याचा धंदा करणारे तुमचे यजमान आहेत. तुम्ही कोण? देशाच्या श्रमबल पाहणीत अशा बाईसाठी एक रकाना असतो, घरच्या उद्योगात बिनपगारी हातभार लावणारी. आठ-नऊ वर्षं उभं राहून वाढवलेल्या धंद्यात कागदोपत्री तुमची जागा तेवढीच आहे. उलटंही सर्रास घडतं, ते वेगळं दुखणं. सवलतीसाठी बायकोचं नाव लावायचं आणि सहीपुरतं तिला बोलवायचं. सरकारनं २०२४ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या उद्योगांत बायकांच्या मालकीचे २०.५ टक्के होते, पण एकूण उलाढालीत त्यांचा वाटा १०.२२ टक्के आणि गुंतवणुकीत ११.१५ टक्के. म्हणजे पाच उद्योगांमागे एक बाईचा, पण दहा रुपयांतला एकच तिच्याकडे. याला कारणं पुष्कळ आहेत. तारण ठेवायला नावावर जमीन-घर नाही, घरकामातून वेळ सुटत नाही, मोठ्या ऑर्डरी देणारे बायकांशी बोलत नाहीत. तुमच्या पत्रात मला आणखी एक कारण दिसतं. धंदा लहान असतो तोवर बाईचा असतो, आणि तो मोठा व्हायची वेळ येते तेव्हाच घरातल्या पुरुषाच्या नावावर कर्ज काढलं जातं.

तुमच्या बाबतीत नाव का बदलायला हवं, याची कारणं भावनेची नाहीत, रोकडी आहेत. ती यजमानांनाही पटतील अशी आहेत.

पहिलं म्हणजे, एकाच माणसाच्या नावावरचे दोन धंदे कायद्याच्या दृष्टीनं वेगळे नसतात. दोन्हीची देणी त्या माणसाचीच. उद्या रिवाइंडिंगच्या दुकानावर पुन्हा वाईट वेळ आली, तर ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो मसाल्याच्या पैशाला हात घालू शकतो, खातं तर एकच आहे. शिवाय गेल्या वर्षीचे दोन थकलेले हप्ते त्यांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसणारच, आणि त्यांच्या नावानं अर्ज केला तर त्याचा भार तुमच्या मसाल्यावर पडणार. तुमच्या नावावर असं काही नाही. बचत गटाचं कर्ज वेळेवर फेडलं असेल, तर उलट जमेची बाजूच आहे.

दुसरं. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई नावाची योजना २०२० पासून आहे. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं कर्जाशी जोडलेलं अनुदान. सहा लाखांवर ते २ लाख १० हजार होतं. चालू असलेल्या धंद्यालाही मिळतं, मसाला त्यात बसतो. पण नियम असा, की एका कुटुंबातल्या एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. यजमानांनी त्यांच्या नावानं घेतलं की तुमच्यासाठी ते दार बंद झालं. योजनेची मंजूर मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची, म्हणून आधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन सद्यस्थिती विचारा. तिथं जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, ती अर्ज आणि प्रकल्प अहवाल करायला मदत करते. त्यासाठी टक्केवारी मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. आणि अनुदान हातात रोख येत नाही, हेही ध्यानात ठेवा. ते बँकेत कर्जखात्याशी बांधून ठेवतात, तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. त्या पैशातून मिरची घेऊ असा बेत केला असेल तर तो सोडून द्या.

तिसरं बोलायला जड आहे, पण बोलते. अभद्र चिंतते असं समजू नका. यजमानांच्या नावावरच्या धंद्यात त्यांचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे यंत्र, खात्यातली शिल्लक, सगळ्याचे वाटे पत्नी, मुलं आणि आई यांच्यात सारखे होतात. तुम्ही कमावलेल्यातला एक वाटा तेवढा तुम्हाला. त्याच १९५६ च्या कायद्याचं १४ वं कलम सांगतं की बाईनं स्वतःच्या कौशल्यानं, कष्टानं मिळवलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. पण ती तुम्ही मिळवलीत हे दाखवायला कागद लागतो. तुमच्याजवळ आज तो नाही.

घरात हे कसं काढावं? सगळ्यांसमोर नको, आणि बँकेत अपमान झाला त्या रागात तर मुळीच नको. यजमानांना एकटं गाठा आणि सरळ म्हणा, "अहो, तुमच्या दुकानाचं कर्ज तुमच्या नावावर राहू दे, हे माझ्या नावावर घेऊ. एकाला ठेच लागली तर दुसरा तरी उभा राहील." ते म्हणतील, तुझं-माझं वेगळं आहे का. म्हणा, "वेगळं नाही, म्हणूनच माझ्या नावावर असलं तरी ते आपलंच." मग वही पुढे करा आणि ३९२ चा आकडा दाखवा. धंदेवाईक माणूस आकड्याला मान देतो. पत्रातून मला ते वाईट माणूस वाटले नाहीत. सवयीनं तसं चाललंय आणि आजवर कुणी हिशोब मांडला नाही, एवढंच. मोटार दुरुस्तीतला माणूस घरात असणं हे तर तुमचं भाग्य. कांडप यंत्राची मोटार जळाली की बाकीच्या बायका चार दिवस हात बांधून बसतात. तेव्हा त्यांनी केलेल्या कामाचे पैसे धंद्याच्या खात्यातून त्यांना द्या. बाजारातून मिरची आणायला ते जात असतील तर त्याचेही द्या. घरातल्याचे पैसे घ्यायचे नसतात, असं ते म्हणतीलच. तरी द्या, कारण तोच नियम तुमच्याही मजुरीला लागणार आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला धंद्याच्या चालू खात्यातून तुमच्या बचत खात्यात तुमचा पगार वळता व्हायला हवा. सुरुवातीला सात-आठ हजारच का होईना.

भागीदारी करू का, असा विचार मनात येईल. मी म्हणेन, आत्ता नको. भागीदारीत प्रत्येक भागीदार सगळ्या देण्यांना जबाबदार असतो, म्हणजे ज्या जोखमीतून बाहेर यायचं तिथंच पुन्हा जाणं.

सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण कानाआडही करू नका. त्यांच्या पिढीनं बाईच्या नावावर काही पाहिलंच नाही. मुंबईतल्या गिरणगावात हजारो बाया गिरणी कामगारांना घरी जेवू घालत होत्या. खानावळवाल्या म्हणत त्यांना. वाण्याकडून उधारीनं माल भरायचा, सावकाराचं व्याज भरायचं, वेळ आली की मंगळसूत्र गहाण टाकायचं. एवढा मोठा व्यवहार, पण त्याला कुणी धंदा म्हटलं नाही आणि बँकेनं त्यांना दारात उभं केलं नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांचे गट करून एकमेकींच्या हमीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठं सावकाराचा फास सुटला. तुमच्या सासूबाईंचं प्रमाण नसतं तर तुमचा मसाला नसता. तेव्हा नवीन घाण्याची चव बघायचा शेवटचा शब्द त्यांचाच ठेवा, आणि त्याचं मानधन महिन्याला त्यांच्या हातात ठेवा. स्वतःच्या कमाईची नोट हातात आली की त्या काय म्हणतात ते बघा.

आता कागद कोणत्या क्रमानं, ते सांगते. सगळ्यात आधी स्कॅनर बदला. गिऱ्हाईक ज्यावर पैसे पाठवतं तो तुमच्या नावच्या खात्याचा असू दे. बँक तुमच्या खात्यात पैसा फिरतो का ते बघते, आणि आठ-नऊ वर्षांची तुमची सगळी उलाढाल आज यजमानांच्या खात्यात दडलेली आहे. पुढच्या सहा महिन्यांचे व्यवहार तुमच्या खात्यावर दिसले, की तुमच्या बोलण्याला वजन येईल. जुनी उलाढाल दाखवायला पार्सलच्या पावत्या, ऑर्डरच्या वह्या, मिरचीची बिलं एका फाईलला लावा.

मग तुमच्या आधार आणि पॅनवर नवी उद्यम नोंदणी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. कामगार मोजकेच असल्यानं दुकान-आस्थापनेच्या २०१७ च्या कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. नंतर फर्मच्या नावानं चालू खातं, आणि अन्न परवाना तुमच्या नावानं नव्यानं. इथं एक सांभाळा. परवाना बदलला की पाकिटावरचा क्रमांक आणि नाव बदलतं, जुनी पाकिटं वापरता येत नाहीत. तेव्हा हातातली पाकिटं संपत येतील तेव्हाच हा बदल करा, नाहीतर हजारोंची छपाई वाया जाईल. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि जागा वापरायला त्यांची लेखी संमती लागेल. भाडेकरारच केलात तर उत्तम. यंत्राला थ्री फेज मीटर लागणार असेल तर त्याचा अर्ज यंत्राच्या आधी करा. मशीन पोत्याखाली झाकून मीटरची वाट बघणारी घरं काही कमी नाहीत. मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्कही तुमच्याच नावानं करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. आणि कर बसत नसला तरी आयकर विवरणपत्र दरवर्षी भरा, बँक तेच आधी मागते.

बँकेत जाल तेव्हा "कर्ज मिळेल का" असं विचारू नका. मुद्रा योजनेचा पाच ते दहा लाखांचा 'तरुण' गट सांगा आणि अर्ज, प्रकल्प अहवाल, यंत्राचं कोटेशन टेबलावर ठेवा. मुद्राला तारण लागत नाही, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना एवढ्या कर्जासाठी तारण मागू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. नवऱ्याची सही हवीच असा नियम कुठंही नाही. साहेब पुन्हा म्हणाले, मिस्टरांना आणा, तर शांतपणे म्हणा, "अर्जदार मी आहे. काय कमी आहे ते लिहून द्या." अर्जाची पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ 'नियम' आपोआप नाहीसे होतात. तरीही अडलं तर जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जा, नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. मुद्राची बहुसंख्य खाती बायकांचीच आहेत, पण त्यात पन्नास हजारांच्या आतली फार. मोठ्या रकमेला बाई एकटी समोर बसली की साहेब खुर्चीत सावरून बसतात. त्यांना सवय व्हायला हवी.

तुमच्या शेजारच्या साताऱ्यात, म्हसवडला, १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं आधी नकार दिला. प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या, हे कारण. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला कोणत्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांनाही सांगा, कॅल्क्युलेटर न घेता. परवाना मिळाला. तुम्ही तर महिन्याला १२० किलोचा व्यवहार डोक्यात वागवता. बँकेत मान खाली घालून बसायचं काही कारण नाही.

पैशाबद्दल आणखी एक. सहाच्या सहा लाख यंत्रात घालू नका. मसाल्यात खरा पैसा अडकतो तो मिरचीत. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वर्षाची मिरची घेतली तर भावात पडते, पावसाळ्यानंतर तीच मिरची घाम फोडते. तेव्हा यंत्रासाठी मुदतीचं कर्ज आणि मिरचीसाठी खेळतं भांडवल, दोन्ही वेगळं मागा. पॅकिंग मशीन वर्षभर थांबू शकतं, हातानं सील करणारं छोटं यंत्र तोवर पुरतं. उमेदच्या बचत गटात असाल तर पीएमएफएमईतून अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्येला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे, गटाच्या सीआरपीला, म्हणजे समूह संसाधन व्यक्तीला, विचारा. आणि यंत्र आलंच, तर उन्हाळ्यात गावच्या चटण्या कांडून द्या. मार्च ते मे तुमच्या दारात रांग लागेल, हप्त्याचा चांगला भाग तिथूनच निघेल.

तासांचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. १२० किलोला सहा तास लागतात, तर आणखी ३०० किलोचे तास कुठून आणणार? तुम्ही लिहिता, घरचं आवरून. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ८८. तुमच्या घरात याहून वेगळं असेल असं पत्रावरून वाटत नाही. दोनशे मिनिटांचा हा फरक तसाच राहिला तर तुमचा धंदा १२० किलोवरच थांबेल, यंत्र आलं तरी. संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, मुलांचा डबा कोण भरणार, दळण कोण आणणार, हे कर्जाच्या अर्जाआधी ठरवा. जमत नसेल तर पोळ्यांना बाई लावा आणि तिचा पगार धंद्याच्या खर्चात मनात धरूनच भाव ठरवा. यात अपराधी वाटून घेऊ नका. यजमानांनी दुकानासाठी पोऱ्या ठेवला तेव्हा त्यांना कुणी जाब विचारला होता का?

आणि त्या चार बायका. यंत्र आलं तरी देठ काढणं, कांदा चिरून तळणं, खोबरं भाजणं, भरणं-तोलणं हातानंच होणार. त्यांचे दिवस आठावरून वाढवा आणि २५० चे किमान ३०० करा. ५४० च्या भावात ते बसतं, मी हिशोब करूनच सांगते. त्यातल्या एकीला वही ठेवायला शिकवा. आज ज्या हिशोबात तुम्ही स्वतःला धरत नव्हता, त्यात उद्या तुम्ही त्यांना विसराल, ही भीती मला वाटते म्हणून लिहिलं.

पुण्याच्या दुकानदाराला या आठवड्यात एवढंच कळवा. ३०० किलोचं नंतर बघू, आधी ४० किलो देते. भाव ५४०, पैसे ३० दिवसांत, आणि लेखी. नवी उद्यम नोंदणी हातात आल्यावरच माल पाठवा. सूक्ष्म उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायलाच हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या 'बँक दरा'च्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. २०२४-२५ च्या कर आकारणीपासून तर वेळेत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला, पैसे चुकते करेपर्यंत, तो खर्च आयकरातही वजा करून मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, व्यापारी तो वाचतात. ५४० ला तो नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा, पुण्यात तो एकच दुकानदार नाही.

अर्ज केलात की बँकेची पोच आणि त्यांचं उत्तर काय आलं ते मला कळवा. लेखी नकार आला तर त्याची नक्कल पाठवा, लोकपालाकडचा अर्ज कसा लिहायचा ते मी पुढच्या पत्रात सांगते.